मिटवणं वेगळं, सांधणं वेगळं

नाशिकच्या जिल्हा न्यायालयाबाहेर, सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या बाजूला, टायपिंगवाले आणि नोटरीची माणसं टेबलं टाकून बसतात. काही वर्षांपूर्वी तिथे एका दुपारी मी एका पंचविशीतल्या बाईसोबत उभी होते. दिराने अंगावर हात टाकल्याची फिर्याद तिने सात महिन्यांपूर्वी दिली होती. स्टॅम्पपेपरवर मजकूर आधीच टाइप झालेला होता : ‘सदर तक्रार गैरसमजातून दिली असून आता माझी कोणाविरुद्ध काहीएक तक्रार राहिलेली नाही.’ पेन चालेना म्हणून तिच्या सासऱ्यांनी ते तळहातावर दोनदा ओढून पाहिलं आणि तिच्यापुढे केलं. तिच्या हातात लेकराची पाण्याची बाटली होती. ती काखेत धरून तिने सही केली. वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, “ताई, धाकटीचं जमवायचंय अजून.” मग सगळ्यांनी चहा घेतला. कुणीतरी म्हणालं, “मॅटर मिटलं एकदाचं.”

अठरा वर्षं समुपदेशनाचं काम केल्यावर ‘मिटलं’ या शब्दाची मला धास्ती वाटते. त्यामुळे गंभीर आणि नाजूक गुन्ह्यांतसुद्धा पुनर्स्थापक न्यायाची, म्हणजे रिस्टोरेटिव्ह जस्टिसची, इजा करणाऱ्याने ती सोसणाऱ्यासमोर येऊन कबुली देण्याची आणि झालेलं भरून काढण्याची वाट असायला हवी असं मी म्हणते, तेव्हा माझ्याच सहकारी मैत्रिणी दचकतात. “आधीच काय कमी समेट होतात, त्यात तू आणखी एक मांडव घालून देणार?” असं त्या विचारतात. त्यांची भीती खरी आहे. तरीही मला वाटतं की आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच समजून बसलो आहोत आणि त्यापायी ज्यांना या न्यायाची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्यासाठीच ते दार बंद ठेवलं आहे.

ही कल्पना जिथून सुरू झाली असं सांगतात तो गुन्हा फार मोठा नव्हता. १९७४ साली कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवलं की या पोरांना त्या त्या दारात नेऊन उभं करावं. न्यायाधीशांनी ते मानलं. पोरं दारोदार गेली, लोकांचं ऐकून घेतलं, नुकसान भरून दिलं. पुढे १९८९ मध्ये न्यूझीलंडने माओरी समाजाच्या रीतीवरून अल्पवयीनांसाठी कुटुंब-बैठकीचा कायदाच केला. या सगळ्यामागचे प्रश्न साधे आहेत. कोणाला इजा झाली? त्याला आता काय हवंय? आणि ते देण्याची जबाबदारी कोणाची? आपलं फौजदारी न्यायालय विचारतं की कोणतं कलम मोडलं, कोणी मोडलं आणि त्याला शिक्षा किती. हे प्रश्न लागतातच. पण त्यात पहिले तीन येत नाहीत.

फुटलेल्या काचांपासून सुरुवात झाल्यामुळे लोकांचा समज झाला की हे किरकोळ भांडणांसाठी ठीक, खून-बलात्काराच्या वाटेला याने जाऊ नये. अनुभव उलट आहे. लॉरेन्स शर्मन आणि हेदर स्ट्रँग या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं अशा बैठकांचे प्रयोग तपासले. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचं समाधान नुसत्या कोर्टाच्या वाटेपेक्षा बैठकीत जास्त दिसलं, आणि पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण घटलं ते मालमत्तेच्या गुन्ह्यांपेक्षा हिंसेच्या गुन्ह्यांत अधिक. बेल्जियमने २००५ च्या कायद्याने गुन्हा कितीही गंभीर असो आणि खटला कोणत्याही टप्प्यावर असो, अशी भेट मागण्याची सोय ठेवली. त्याच वर्षी न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये ‘प्रोजेक्ट रिस्टोर’ सुरू झालं, खास लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांसाठी, आणि ते सुरू व्हायला कारण ठरल्या स्वतः अत्याचार सोसलेल्या बायका. कोर्टाने त्यांना जे दिलं त्यात त्यांचं भागलं नव्हतं.

कशाने भागत नाही ते मी इथेच पाहिलं आहे.

अंबडच्या एमआयडीसीत रात्रपाळीला जाणारा एक तरुण पाथर्डी फाट्याजवळ गाडीखाली गेला. गाडी चालवणारा पोरगा वीस वर्षांचा. कलम ३०४-अ लागलं, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचं. तरुणाची आई आमच्या केंद्रात यायची ती झोप येत नाही म्हणून. पैशाचं म्हणाल तर भरपाईचा दावा अपघात न्यायाधिकरणात चालू होता आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तिला दोनच गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे लेकाचा डबा. तो मुद्देमालात गेला होता, स्टीलचा, झाकणावर नाव कोरलेला. तो भरलेला होता की रिकामा हे तिला कुणी सांगत नव्हतं. दुसरं तिने मला इतक्यांदा विचारलं की मला ते पाठ झालं : “तो पोरगा गाडीतून उतरला होता का ताई? माझ्या लेकानं पाणी मागितलं का त्याच्याकडं?”

कोर्टात तिची साक्ष झाली. कपडे ओळखा, म्हणाले. तिने ओळखले. त्याच्या पुढचं तिला कुणी विचारलं नाही, आणि तिने विचारायचा तर प्रश्नच नव्हता. साक्षीदाराने उत्तरं द्यायची असतात.

योगायोग असा की त्या मुलाची मावशीसुद्धा आमच्याकडे यायची. तिने एकदा सांगितलं की पोरगं जेवत नाही, रात्री गच्चीवर बसून असतं, त्या माउलीच्या घरी जायचं म्हणतं. वकिलाने दम भरला होता, तोंड उघडलंस तर गेलास. वकील त्याच्या जागी बरोबर होता. पक्षकाराला वाचवणं हे त्याचं काम. दोन घरांत जेमतेम तीन किलोमीटरचं अंतर होतं. एकीला जे ऐकायचं होतं तेच दुसऱ्याला सांगायचं होतं, आणि कायद्याच्या वाटेवर त्याने ते सांगणं म्हणजे स्वतःच्या गळ्याला फास लावून घेणं. शेवटी गाडी नेमकी कोण चालवत होतं हे सिद्ध झालं नाही. संशयाचा फायदा मिळून तो सुटला. आता तर तो कायमचाच गप्प झाला, कारण निर्दोष सुटलेल्या माणसाने काय सांगायचं असतं?

माझा मुद्दा इथे आहे. गुन्हा जितका मोठा, शिक्षा जितकी कडक, तितकं आरोपीला खरं लपवण्याचं कारण मोठं. आणि गुन्हा जितका मोठा तितकी मागे राहिलेल्या माणसाची खरं ऐकण्याची भूक मोठी. सायकल चोरीला गेलेल्या माणसाला चोराशी बोलायची गरज नसते. ज्या बाईवर घरातल्याच माणसाने हात टाकला तिला मात्र आयुष्यभर वाटत राहतं की त्याने एकदा, चार माणसांत, स्वतःच्या तोंडाने म्हणावं, ‘हो, मी केलं, आणि ती खोटं बोलत नव्हती.’ हे वाक्य निकालपत्रात मिळत नाही. निकालपत्रात मिळतं ‘सरकार पक्षाने गुन्हा संशयातीत सिद्ध केला’ किंवा ‘केला नाही’.

आता माझ्या मैत्रिणींच्या भीतीकडे येते, कारण ती हवेतली नाही. २०१५ साली मद्रास उच्च न्यायालयाने बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला पीडितेशी मध्यस्थी करता यावी म्हणून जामीन दिला होता. देशभर टीका झाल्यावर तो आदेश मागे घेतला गेला. त्याच वर्षी मदनलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की बलात्काराच्या गुन्ह्यात तडजोडीचा विचारसुद्धा होऊ शकत नाही. २०२४ मध्ये राजस्थानातल्या एका प्रकरणात शिक्षकाविरुद्धचा पोक्सोचा, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराचा गुन्हा मुलीच्या वडिलांनी तडजोड केली म्हणून उच्च न्यायालयाने रद्द केला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभा केला. हे तिन्ही निर्णय वाचताना मला त्या टेबलावरचं पेन दिसतं. न्यायालयाने जे नाकारलं ते अगदी योग्य नाकारलं. पण त्याने नाकारलं ते मिटवणं. सांधणं म्हणजे काय हे आपल्याकडे त्याच्यासमोर अजून नीट कुणी मांडलेलंच नाही.

फरक दाखवायला मला राखीच्या दोन गोष्टी पुरतात. २०२० साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली, की त्याने राखी आणि मिठाई घेऊन तक्रारदार बाईच्या घरी जावं, तिला राखी बांधायची विनंती करावी आणि ओवाळणी म्हणून ११ हजार रुपये द्यावेत. ज्या घरात घुसून त्याने तिचा हात धरला, त्याच घरात न्यायालयाने त्याला पुन्हा पाठवलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली.

दुसरी गोष्ट त्याच भागातली. १९९५ मध्ये राणी मारिया या ननची चालत्या बसमध्ये सुऱ्याने भोसकून हत्या झाली. मारेकऱ्याला जन्मठेप लागली. २००२ मध्ये राणी मारियांची सख्खी बहीण, सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हाताला राखी बांधली. पुढे २००६ मध्ये तो सुटला, त्यात या कुटुंबाने टाकलेल्या शब्दाचाही वाटा होता. पण राखी बांधली तेव्हा तो गजाआड होता, गुन्हा सिद्ध झालेला होता, आणि बहिणीला तिथे कोणत्याही न्यायाधीशाने, सासऱ्याने किंवा पंचाने पाठवलं नव्हतं. तिने सात वर्षं घेतली. तिने सतरा घेतली असती किंवा गेलीच नसती, तरी तिला कुणी नावं ठेवायचं कारण नव्हतं.

आपल्या नाशिकला तर समेटाचा इतिहास जरा जास्तच जवळून माहीत आहे. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. रामनवमीच्या उत्सवात तणाव वाढला तेव्हा समेट ठरला, की रथ दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून ओढायचा. ऐनवेळी सवर्णांनी रथ परस्पर पळवला आणि सत्याग्रहींवर दगड आले. रथ कोण ओढणार यावर बोलणी झाली होती. ‘आम्ही तुम्हाला इतकी शतकं दाराबाहेर ठेवलं ही आमची चूक’ एवढं कुणी म्हटलं नव्हतं. कबुलीशिवायचा समेट किती वेळ टिकतो, ते पंचवटीत दगडांनी दाखवलं.

आणि २०१३ फार लांब नाही. आंतरजातीय लग्न केलेल्या, पोटात बाळ असलेल्या मुलीचा बापानेच याच शहरात जीव घेतला. त्यानंतर जातपंचायतींविरुद्ध डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जे काम उभं केलं, त्यातून सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा झाला; तो २०१७ पासून लागू आहे. ‘लोकांनी एकत्र बसून न्याय करावा’ हे वाक्य मी नाशिकमध्ये सहज उच्चारू शकत नाही ते म्हणूनच. पंच कोण, बसायला कोण, उभं कोण, आणि आत भांडी घासत कोण, हे आधी बघावं लागतं. तंटामुक्त गाव मोहिमेचंही तसंच. २००७ मध्ये ती चांगल्या हेतूने सुरू झाली, बांधाची भांडणं खरोखर मिटली, पण तंटे किती मिटवले त्यावर गुण आणि बक्षीस ठेवल्यावर गावाला आकड्याची घाई होणारच. सांधायच्या कामात घाई ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

म्हणून अटी. मी त्या सैल सोडायला तयार नाही. पहिली मागणी, पहिला शब्द, ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा किंवा तिचा. आरोपीच्या घरून निरोप आला की समजावं गडबड आहे. समोरच्याने जे केलं ते आधी मान्य केलेलं हवं. ‘जे काही झालं असेल त्याबद्दल दिलगीर आहे’ ही कबुली नव्हे. भेटीआधी दोघांची वेगवेगळी तयारी, महिनोन्महिने. ऑकलंडमध्ये सूत्रधाराखेरीज दोन्ही बाजूंसाठी एकेक वेगळा जाणकार माणूस असतो, तसं इथेही हवं. समोरासमोर बसणं झेपणार नसेल तर पत्र चालेल, तिच्या वतीने दुसरं कुणी बसलं तरी चालेल. मध्येच उठून जायची मुभा शेवटच्या मिनिटापर्यंत. आणि मुख्य म्हणजे यातून खटला मागे घेतला जाणार नाही, शिक्षा कमी होणार नाही. त्यावर लोक विचारतात, मग तो येईल कशाला? नेमकं हेच हवंय. ज्याला सूट मिळणार नाही हे माहीत असूनही जो येतो, त्याच्या बोलण्याला वजन असतं.

यात एक खरी अडचण आहे आणि ती मला झाकायची नाही. खटला चालू असताना आरोपी अशा खोलीत जे बोलेल ते त्याच्याविरुद्ध वापरलं जाणार नाही, याची खात्री आपला कायदा आज देत नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातूनही फौजदारी गुन्ह्यांचे खटले मुळात बाहेर ठेवले आहेत. तेव्हा आज लगेच सुरुवात करायची तर निकालानंतर करावी लागेल, शिक्षा भोगणाऱ्यांपासून. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात जन्मठेप भोगणारी माणसं आहेत. त्यांतल्या काहींना सांगायचं आहे आणि बाहेर काहींना ऐकायचं आहे. अत्याचार सोसलेल्या बायका-मुलांसाठीच्या मनोधैर्य योजनेचं अर्थसाहाय्य जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळतं. त्याच प्राधिकरणाकडे अशी मागणी नोंदवायची एक खिडकी, दोन-तीन नीट शिकवलेली माणसं आणि बाहेरून कुणी ऐकणार नाही अशी एक खोली, एवढ्यावर काम सुरू होऊ शकतं. रस्त्यावरच्या मृत्यूंची प्रकरणं मात्र निकालापर्यंत थांबली तर त्या आईसारखंच होईल. तिथे बोलण्याला संरक्षण देणारा बदल कायद्यातच करावा लागेल, आणि तो मागायला आपण लाजू नये.

दुसरी जागा अल्पवयीन मुलांची. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात समुपदेशन, समाजसेवा असे मार्ग बाल न्याय मंडळाला आधीच दिलेले आहेत. कोयता घेऊन रील काढणारी पंधरा-सोळा वर्षांची पोरं आपल्या शहरात आहेत, त्यांच्या हातून माणसं जखमी होतात, मरतात. त्यांना उंटवाडीच्या निरीक्षणगृहात ठेवून तारखा मोजण्यापलीकडे कुणीतरी ज्याचा हात निकामी झाला त्या माणसाचं म्हणणं ऐकवायला हवं. २०२५ च्या ऑक्टोबरात पोलिसांनी आरोपींकडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ वदवून घेतलेले व्हिडिओ घरोघरी फिरले. लोकांना बरं वाटलं, कारण लोक भीतीने कावले होते, आणि ते मला समजतं. पण त्या व्हिडिओंत ज्याला मारलं, ज्याचं दुकान फोडलं तो माणूस कुठेच नव्हता. हात जोडले होते ते कॅमेऱ्याला.

काही ठिकाणी मी नाहीच म्हणेन. नवरा मारतो, घर त्याच्या नावावर, मुलं त्याच्या ताब्यात आणि बाईला आज रात्री तिथेच परतायचं आहे, अशा घरात बैठक म्हणजे तिला पुन्हा त्याच्या हाती देणं. आधी तिला सुरक्षित छप्पर आणि हातात पैसा, मग बाकीचं. जातीय अत्याचारातही एका आरोपीने एका माणसाची माफी मागून भागत नाही, कारण मारणारा एकटा नसतो. ज्या वस्तीने बघ्याची भूमिका घेतली तिलाही समोर बसावं लागेल, आणि तशी तयारी असलेली वस्ती मी अजून पाहिलेली नाही.

स्टॅम्पपेपरवर सही केलेली ती बाई गेल्या वर्षी पुन्हा भेटली, वेगळ्याच कामासाठी, मुलाच्या शाळेच्या दाखल्यासाठी. बोलता बोलता मी तिला हे सगळं सांगितलं. तिने नीट ऐकलं आणि विचारलं, “त्यात मला बोलायला किती वेळ देतात?”

जितका लागेल तितका, म्हटलं.

“आणि तो मधेच म्हणाला, असं झालंच नाही, तर?”

तर तिथेच थांबवायचं.

“मग तो येणारच नाही, ताई.”

हो, म्हटलं, बहुतेक नाहीच येणार.

ती थोडा वेळ दाखल्याच्या कागदाची घडी करत राहिली. मग म्हणाली, “नसता आला. पण मला आधी कुणी विचारलं तर असतं.”